मेमरीला लावलेलं कुंकू

त्या वर्षी राज्याचे दोन तुकडे व्हायचं ठरलं होतं आणि आमच्याकडे दोन प्रेसचा एक होणार होता. मालक म्हणायचे, सरकार तोडतंय, मी जोडतोय, बघू कोणाचं जमतं. गोरखीजवळचा आमचा छापखाना आणि त्यांच्या धाकट्या भावाचा बिर्ला नगरातला, दोन्ही दसऱ्यापासून आमच्याच छताखाली यायचे होते.

मी तिथे लग्नपत्रिका टाइप करायचो. नववीत शाळा सोडून सांगोल्याकडून इतक्या लांब, हिंदी मुलखात आलेल्या मुलाला बसून करायचं काम मिळालं, ते मालकांच्या बायकोमुळे, म्हणजे काकूंमुळे. दर्पण कॉलनीत त्यांच्या घरीच मी जेवायचो. तिसरी पोळी नको म्हटलं की त्या चौथीही वाढायच्या.

धाकट्या भावाकडून एक नवा कंप्यूटर येणार होता आणि त्यावर बसणारी एक बी. ए. झालेली मुलगी. आमच्या जुन्या डब्यावर डिझाइनचा नवा प्रोग्राम उघडला की पत्रिकेवरचा गणपती सोंडेपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. मालकांनी सांगून टाकलं, जुनं मशीन नवा प्रोग्राम चालवेल तर दोन खुर्च्या, नाही तर एक. ती एक कोणाची, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कंप्यूटरच्या सामानाचं दुकान होतं, तिथल्या माणसाने सांगितलं की मशीन ठीक आहे, मेमरी कमी पडतेय. आत एक खाच रिकामी आहे, तिच्यात आणखी एक पट्टी बसव. हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात. हात लावण्याआधी लोखंडाला शिवायचं, म्हणजे अंगातली वीज उतरते, दातांना बोट लावायचं नाही, आणि मळलेच तर शाळेतल्या खोडरबराने हलके घासायचे. पट्टी विकत घेऊन मी हे वाटभर घोकत आलो. शाळेत एवढं घोकलं असतं तर दहावी तरी झाली असती.

खंडेनवमीला प्रेसमध्ये पूजा असायची. पूजा झाली की सगळी मशीनं आरतीपुरती चालवायची आणि मग बंद ठेवायची, ही मालकांच्या घरची रीत. मी वायर काढून डब्याचं झाकण उघडलं, नवी पट्टी तिच्या पाकिटावर ठेवली आणि लोखंडी मांडणीला शिवायला गेलो. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा नीट शिवलो की नाही, अशी शंका आली होती. तेवढ्यात काकू तबक घेऊन आल्या. कटिंग मशीनला, छपाईच्या मशीनला, माझ्या कीबोर्डला त्यांनी ओल्या बोटाने हळद-कुंकू लावलं. आणि घरात नवी आलेली म्हणून त्या पट्टीलाही, बरोबर सोनेरी दातांवर.

चालून जाईल, अशी स्वतःची समजूत घालून पट्टी बसवली आणि बटण दाबलं. डबा लांब लांब पिपाण्या वाजवू लागला. पडदा काळाच.

पूजेला आलेली ती मुलगी म्हणाली, "भैया, ये तो रो रहा है."

मालकांनी मान हलवली. हा तर खतमच होऊन गेला, उद्या उचलून ठेव, टेबल रिकामं लागेल, म्हणाले.

मला कारण माहीत होतं आणि खोडरबर प्रूफांच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर होता. पण नवमीच्या दिवशी, सवाष्ण बाई समोर असताना, तिने लावलेलं कुंकू पुसायचं? आमच्या गावी सणाला कोणी तो शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही. मी वायर काढली, पट्टी काढली आणि मुठीत धरून उभा राहिलो.

"काय लपवतोस रे?" काकूंनी विचारलं.

मी मूठ उघडली. "काकू, इथे कुंकू चालत नाही. पण मी पुसणार नाही."

त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग माझ्याकडे अशा बघितल्या, जसं मी पाचवी पोळी मागितली होती.

"वेड्या, देवाचं कुंकू रोज सकाळी आंघोळ घालताना कोण पुसतं? आपणच ना? देव रागावून जातो का?" आणि लगेच, "कशाने पुसायचं ते सांग."

खोडरबर त्यांनीच हातात घेतला. मी पट्टी कडेने धरली, त्या घासत राहिल्या, मालक तबक धरून उभे. लाल-पिवळा चुरा जमिनीवर पडला. खाच मी कोरड्या ब्रशने झाडली. काकूंनी बोटाला राहिलेलं कुंकू डब्याच्या पत्र्याला बाहेरून लावलं.

या वेळी पिपाणी वाजली नाही. काळ्या पडद्यावर मेमरी मोजणारे पांढरे आकडे चढू लागले. रोज जिथे थांबायचे तिथे आले, आणि ते न थांबता पुढे गेले. नवा प्रोग्राम उघडला. गणपती सोंडेवरून खाली उतरला, पोटावर आला, पार उंदरापर्यंत.

मालकांनी आरतीला घंटा उचलली आणि जाता जाता मला म्हणाले, दोन टेबलं लावून घे.

"खिड़की वाली मेरी," ती मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, ले लो. मला जिन्याखाली बसवलं असतं तरी चाललं असतं.