मधुसूदनरावांनी विमा का काढला नाही

झाशीच्या मराठी मंडळात मधुसूदन करंबेळकरांच्या काळजीखोरपणाच्या इतक्या गोष्टी आहेत की गणपतीतल्या जेवणावळीत एकाने सुरुवात केली तर त्या ताकभातापर्यंत पुरतात. गृहस्थ शाळेत हेडक्लार्क होते. गैरहजर मास्तरांच्या तासाला कोणाला पाठवायचं, याचा तक्ता रोज सकाळी तेच करत. ते काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं की निवृत्तीनंतरही ते प्रत्येक गोष्टीला बदली शोधत राहिले. घराला दोन कुलपं, एक जास्तीची किल्ली शेजारी. पिशवीत टॉर्च, आणि टॉर्च दगा देईल म्हणून मेणबत्ती. ग्वाल्हेरला जायचं तरी बरोबर दोन वेळचा डबा, कारण गाडीचा काय भरवसा. बसल्या जागी त्यांचा उजवा पाय सारखा हलत असे, आणि तो थांबला की त्यांच्या पत्नीला, शारदाबाईंनाच चुकल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाने प्रवासाच्या विम्याला टाळाटाळ करावी, हे मंडळात कोणाच्या पचनी पडेना.

प्रवास मुक्तिनाथचा होता. मंडळाचा उत्साही कार्यकर्ता सलील दर वर्षी काही तरी काढतो, यंदा त्याने नेपाळ काढलं होतं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे पोखऱ्यापर्यंत बस आणि तिथून जीपने हिमालयात पार वर. साठीच्या पुढच्यांनी विमा काढलेला बरा, असं त्याने सगळ्यांना बजावलं होतं. वर कोणाला काही झालं तर हेलिकॉप्टरने खाली आणावं लागतं, आणि त्याचं बिल बघून धडधाकट माणूसही आजारी पडेल. बाकीच्यांनी मुकाट्याने विमे काढले. करंबेळकर काका सगळ्यांच्या आधी पोचतील असं सलील धरून चालला होता, आणि त्यांचंच तेवढं राहिलं होतं.

इंदूरहून लेकीचा, स्वरदाचा फोन आला. "बाबा, सलीलदादा सांगत होता तुम्ही इन्शुरन्स नाही घेतलात. तबियत तो ठीक है ना आपकी?"

"बघतो गं, दोन-तीन कंपन्यांचे बघतोय," ते म्हणाले. एकाही कंपनीचं त्यांनी काही बघितलं नव्हतं.

खरं कारण झाशीजवळच्या बरुआसागरला होतं. जानेवारीत दोघं तिथे एका दिवसासाठी गेले होते. किल्ल्याच्या पायऱ्या चढताना शारदाबाई मध्येच खाली बसल्या. ओठ काळसर पडले, हात छातीशी गेला आणि बराच वेळ त्यांना बोलताच येईना. मधुसूदनरावांच्या पिशवीत टॉर्च होता, मेणबत्ती होती, पावसाळा नसताना छत्रीही होती. त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. ते नुसते पाण्याची बाटली धरून उभे राहिले. मग हळूहळू रंग परतला. शारदाबाईंनी दोन घोट पाणी घेतलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "स्वरदाला सांगू नका. कोणालाच नका सांगू." मधुसूदनरावांनी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर पंधरवड्यात सलीलने यात्रा जाहीर केली, आणि पहिलं नाव शारदाबाईंनी दिलं. नवऱ्याचंही दिलं, न विचारता.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणण्याचा मधुसूदनरावांचा कोटा संपला होता. काश्मीर त्यांनी वर्तमानपत्र वाचून रद्द केलं. रामेश्वरच्या वेळी शारदाबाईंनी हुशारी केली आणि प्रस्थान ठेवलं. मुहूर्तावर तांदूळ-सुपारीचं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवलं की प्रवास सुरू झाला असं जुन्या घरांतून धरतात, आणि सुरू झालेला प्रवास मोडत नाहीत. मधुसूदनरावांनी बंगालच्या उपसागरात वादळ होण्याची शक्यता आहे असं ऐकलं आणि तोही मोडला. वादळ आलं नाही. प्रस्थान घरी परत आणायचं नसतं, म्हणून ते गाठोडं तिवारी भाभींच्या कोनाड्यात पडून राहिलं, आणि भाभी अजून थट्टा करतात की दीदी आधी अपने घर में, आधी हमारे घर में रहती हैं.

या खेपेला शारदाबाईंनी कणीक मळता मळता, आवाज न चढवता सांगितलं होतं, "नाही म्हणालात तर मी एकटी जाईन."

त्यामुळे मधुसूदनराव बोलले नाहीत. पण न बोलणं त्यांना सोसत नव्हतं. विमा काढायचा तर विमेवाला तब्येतीचं विचारणार. खोटं सांगावं, तर तो विमा ऐन वेळी कामाचा नाही. खरं सांगावं, तर तो डॉक्टरांकडे पाठवणार, डॉक्टर नाही म्हणणार, आणि पुन्हा एकदा शारदेच्या वाटेत नवराच आडवा आला असं होणार. काहीच न काढता जावं, आणि वर कुठे तरी, जिथे पायऱ्याही नाहीत, तिथे ती अशीच खाली बसली तर? हा विचार आला की ते उठून गॅस बंद आहे का ते बघून येत. गॅस बंदच असे.

सीपरी बाजारात जयदीपचं विम्याचं दुकान आहे. त्या आठवड्यात मधुसूदनराव त्याच्यावरून जाता-येता किती वेळा गेले असतील कोण जाणे. एकदा पायरीपर्यंत गेले आणि शेजारच्या चष्मेवाल्याकडे वळून, घट्टच असलेला स्क्रू आणखी घट्ट करून घरी आले.

घरी शारदाबाई गच्चीचा जिना सराव म्हणून चढत होत्या. अर्ध्यावर थांबून शेजारच्या आंब्याचा मोहोर न्याहाळत, मग पुढे जात. मोहोर गळून कैऱ्या धरल्या तरी त्यांचं न्याहाळणं चालूच होतं. मधुसूदनराव खालून त्यांचा श्वास ऐकत. पण संध्याकाळी त्या लोकरीचे मोजे विणायला बसत, भाभींना नेपाळच्या गोष्टी सांगत, आणि मध्येच स्वतःशी गुणगुणत. स्वरदाच्या लग्नानंतर हे गुणगुणणं मधुसूदनरावांनी ऐकलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आणि आपल्याला भीती वाटते याची लाजही वाटत होती. अशा वेळी माणसाने कुठे बसावं?

रविवारी संध्याकाळपर्यंत नावं पक्की करायची मुदत होती. रविवारी सकाळीच ते पिशवी घेऊन जयदीपच्या दुकानात शिरले.

"आइए अंकल जी, हम तो राह देख रहे थे," जयदीप म्हणाला आणि कॉम्प्युटरवर एकेक विचारू लागला. स्वतःविषयी मधुसूदनराव घडाघडा बोलले. रक्तदाब, गुडघा, झालंच तर लहानपणीचा हिवताप. इतकं लागत नाही, असं जयदीपला सांगावं लागलं.

"और आंटी जी? शुगर, बीपी, साँस की, दिल की कोई तकलीफ?"

मधुसूदनरावांनी वर पंख्याकडे बघितलं. "नहीं," ते म्हणाले.

जयदीपने ते भरलं आणि पुढे गेला. सगळं इतकं सहज झालं की त्यांचा पाय हलायचा थांबला. पैसे द्यायला त्यांनी फोन काढला आणि बोट स्क्रीनवर तसंच राहिलं. हा कागद खिशात घालून आपण निश्चिंत होऊ, आणि ती वर तशीच खाली बसेल, तेव्हा आपल्या हातात पाण्याच्या बाटलीऐवजी हा कागद असेल.

"रुको भैया," ते म्हणाले, आणि बरुआसागरचं सगळं सांगून टाकलं.

जयदीपने हात थांबवले. "अच्छा किया बता दिया. छुपाते तो बखत पे फँसते. डॉक्टर का पर्चा लगेगा. और बुरा मत मानिएगा, अंकल जी, ऐसे में उतनी ऊँचाई पर..."

रेल्वेच्या पुलावरून घरी परत येताना मधुसूदनरावांनी वाक्यांची जुळवाजुळव केली. एकही पसंत पडलं नाही. शारदाबाई मागच्या पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"मी जयदीपला सगळं सांगितलं," ते उभ्यानेच म्हणाले.

"काय सगळं?"

"बरुआसागरचं."

शारदाबाईंनी एक काडी वेगळी केली. "सांगणारच होतात. मला वाटलं होतं पहिल्याच आठवड्यात सांगाल."

ते शारदाबाईंचा राग सोसायच्या तयारीने आले होते. राग आला नाही, तेव्हा त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. "तो म्हणतो, डॉक्टरांना दाखवायला हवं."

"दाखवून आले. तुम्ही पेन्शनच्या कामाला बँकेत गेला होतात ना, तेव्हा. छातीचा कार्डिओग्राम काढला, गोळ्या दिल्यात. डाळीच्या डब्यामागे ठेवते. इतक्या उंचावर जायचं नाही म्हणाले."

"आणि तरी तू मोजे विणतेस?"

"हो."

"अगं, पण का?"

शारदाबाईंनी मेथी बाजूला सारली. "आजवर जिथे जिथे जायचं ठरलं, तिथे मी ठरवायच्या दिवशीच काय ती जाऊन आले. दुसऱ्या दिवशी तुमचं नाही यायचं. या खेपेला आलं नाही. रोज उठायचे आणि वाट बघायचे, आज नाही म्हणतील. तुम्ही म्हणालाच नाहीत. तेवढे दिवस माझी यात्रा चालू होती. तेवढीच होणार हे मला ठाऊक होतं. पण झाली."

मधुसूदनराव पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. जन्मभर आपण हिला जपलं असं ते समजत होते. मंडळात लोक हसायचे तेव्हाही मनातून त्यांना त्याचा अभिमानच होता. आज पहिल्यांदा त्यांना त्या सगळ्याची किळस आली.

"मी भित्रा आहे, शारदा," ते म्हणाले. "तुझी काळजी वाटते म्हणतो ना, ती माझीच असते. तू नसलीस तर माझं कसं होईल, त्याची."

"ठाऊक आहे मला," शारदाबाई म्हणाल्या. त्यात थट्टा नव्हती.

ते पुन्हा एक फेरी मारून आले. "वर म्हणजे कुठून वर? जायचं कुठपर्यंत चालेल, ते विचारलंस का?"

हा प्रश्न लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी कधी विचारला नव्हता. शारदाबाईंनी मान वर केली. "विचारलं. पोखऱ्यापर्यंत काही हरकत नाही म्हणाले. गोळ्या चुकवायच्या नाहीत, चढण चढायची नाही. मोठं तळं आहे म्हणे तिथे. काठावर बसून बर्फाचे डोंगर दिसतात."

"मग आपण पोखऱ्याला उतरू. बाकीचे वर जाऊन येऊ देत." एवढं बोलून झालं आणि त्यांचं चक्र लगेच फिरायला लागलं. "डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायला हवी. पोखऱ्यापुरता विमा देतो का ते जयदीपला विचारतो. आजार लिहूनच देऊ. तिथे बरासा दवाखाना आहे का तेही बघायला पाहिजे, आणि थंडी किती असते, आणि तळ्याकाठी मुक्काम म्हणजे डास..."

शारदाबाई उठल्या. पदराला चिकटलेली मेथीची पानं त्यांनी झटकली. "विम्याचं उद्या बघा. सलीलची मुदत आज संध्याकाळची आहे. आधी नावं पक्की करून या."

मधुसूदनरावांनी पिशवी उचलली, आत टॉर्च आहे का ते चाचपलं आणि दाराकडे निघाले. मागून चपला सरकवल्याचा आवाज आला.

"थांबा, मी येते बरोबर," शारदाबाई म्हणाल्या. "एकटे गेलात तर वाटेत तुम्हाला काही तरी सुचेल."