आत्याशिवाय बारसं

माझ्या मुलीच्या बारशाला तिची सख्खी आत्या नव्हती. सासरचे म्हणतात, मी येऊ दिलं नाही. म्हणोत बापडे.

नणंद खडकीला राहते, आम्ही मांजरीच्या नव्या सोसायटीत. तिला दोन मुलं. थोरलीला दीड वर्षाची असताना लस टोचली, त्याच संध्याकाळी ताप चढला आणि पोरीला आकडी आली. डॉक्टरकडे धावत नेलं, तर तो म्हणाला, "टोचल्यावर ताप येतोच. तुम्ही आया उगाच बाऊ करता." त्या दिवसापासून नणंदेनं लस हा विषय बंद केला. थोरलीचे पुढचे डोस राहिले. धाकट्याला तर एकही टोचू दिला नाही.

इथवर मला कळत होतं. डोळे फिरवलेलं मूल जिच्या मांडीवर होतं तिला कुणी आकडेवारी ऐकवू नये. पण तिथून पुढे बाई मोबाईलवर विद्वान झाली. कंपन्यांचा धंदा काय, नैसर्गिक प्रतिकारशक्ती काय, रोज सकाळी एक फॉरवर्ड. पोलिओनं लुळं पडलेलं पोर हिनं शेजारीपाजारी कधी पाहिलं नाही. का पाहिलं नाही, याचा विचार करायला मात्र वेळ नाही.

बारशाचा दिवस ठरला आणि कळलं, धाकट्याच्या बालवाडीत गोवराची साथ आहे. माझी मुलगी सव्वा महिन्याची. गोवराची लस नऊ महिन्यांनी मिळते, तोवर सगळी भिस्त आजूबाजूच्यांच्या अकलेवर. मी नणंदेला फोन केला. म्हटलं, "ताई, तुम्ही या, पण पोराला आणू नका."

"माझा मुलगा काय रोगट आहे?"

"आज नसेल. उद्या अंगावर उठेपर्यंत तुम्हाला तरी कुठे कळणार आहे?"

"मग मीही येत नाही. सांग तूच तुझ्या पोरीच्या कानात नाव."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला.

घरात गहजब झाला. सासूबाई म्हणाल्या, "कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्याशिवाय बारसं होतं का कुठे? आणि गोवराचं काय कौतुक? आमच्या वेळी सगळ्यांना यायचा. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचो. आम्ही काय मेलो?"

"जे मेले त्यांना विचारता येत नाही ना, आई," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे," आणि हॉलच्या खुर्च्या मोजायला निघून गेला. दोघींचं बरोबर कसं असेल? पोर एक तर हॉलमध्ये येईल, नाही तर येणार नाही.

शेवटी कुर्रर्र केलं चुलत नणंदेनं. तिच्या पाठीत धपाटे बसले, पण हसलं कुणी नाही. घुगऱ्या खाताना मी जवळ गेले की बायकांचे आवाज खाली यायचे.

त्याच आठवड्यात धाकट्याच्या अंगावर गोवर उठला. मग न्यूमोनिया, मग ऑक्सिजन. माझी पोर वाचली याचा आनंद झाला, तो मी लपवणार नाही. पण तो पोरगा मामी-मामी करत माझ्या मागे फिरायचा.

पोरगा बरा होऊन घरी आला तेव्हा नणंदेचा फोन आला. बाळ कसं आहे वगैरे काही नाही. "थोरलीचे राहिलेले डोस द्यायचेत. तू चल. तुझं तोंड चालतं."

"कुठे जायचं?"

"त्याच डॉक्टरकडे. त्याला एकदा ऐकवायचंय."

गेलो. डॉक्टरनं फाईल चाळली आणि म्हणाला, "आत्ता जाग आली का? धाकट्याचा जीव जाता जाता राहिला तेव्हा?"

ऐकवायला आलेल्या बाईनं मान खाली घातली. माझं टाळकंच सटकलं. माझ्या नणंदेला बोलायचं तर मी बोलेन, हा कोण लागून गेला?

"डॉक्टर, त्या दिवशी यांच्या मुलीला आकडी आली होती," मी म्हटलं. "तुम्ही साधं काय झालं म्हणून विचारलंत का? आज आधी विचारा, मग काय तो उपदेश करा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "सांगा," तो नणंदेला म्हणाला.

ती सांगायला लागली. कोणता हात झटकत होता, ओठ कसे निळे पडले, रिक्षा कशी मिळेना, आणि रिक्षात आपण पोर गेली असंच धरून चाललो होतो. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता ती रडली. डॉक्टर म्हणाला, ती तापाची आकडी होती, लहानपणी काही मुलांना येते, आता थोरलीच्या वयात बहुधा येत नाही. तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं, असंही म्हणाला. माफी काही मागितली नाही.

मग सुई टोचली. थोरली रडली नाही, पण नणंद तिचं मनगट सोडेना. बाहेर आलो तरी तिनं ते धरूनच ठेवलं होतं. रिक्षात बसताना मला म्हणाली, "रात्री हिला ताप चढला ना, तर तुला फोन करून शिव्या घालीन."

"घाला," म्हटलं. "पण फोन करा."