कोपऱ्यापलीकडे दोन वीत

वेल्दुम गावात कुठला रंग कुठे, हे कुणी कुणाला विचारत नसे. गोठ्याला निळा, कारण निळ्यावर माशी बसत नाही. भिंतीच्या पायाला काळं डांबर, कारण खालून कालव्याची ओल. खिडक्यांच्या झडपांना हिरवा, कारण पणजोबांनी हिरवाच दिला होता. आणि वीब्रेन रंगाऱ्याचा स्वतःचा एक नियम होता: भिंत संपली की रंग संपला. बारा वर्षांचा असताना चर्चच्या कोपऱ्यात त्याचा कुंचला पलीकडच्या भिंतीवर बोटभर घसरला होता. बापाने ते बोटभर त्याला संध्याकाळपर्यंत नखाने खरवडायला लावलं. पुढे चाळीस वर्षं त्याचा हात कोपऱ्याशी आला की आपसूक थांबे, घोडं ओळखीच्या दाराशी थांबतं तसा.

एकोणीसशे एकवीसच्या हिवाळ्यात त्याची एकुलती मुलगी आउक्ये खोकायला लागली. तिची आई याच खोकल्याने गेली होती, तीही आउक्ये निजायची त्याच पलंगावर. पलंग म्हणजे भिंतीतलं कपाट. आत शिरायचं आणि दारं ओढून घ्यायची, म्हणजे ऊब जात नाही. हवाही जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. गावाने वर्गणी काढून कालव्याकाठी छातीच्या रोग्यांसाठी सहा खोल्यांचं घर बांधायला घेतलंच होतं. चौथी खोली आउक्येच्या नावाने लागली. मे महिन्यात जायचं आणि वर्ष, दोन वर्षं, देव ठेवील तसं पडून राहायचं.

घर बांधणारा वास्तुकार फान हूस्डेन रोटरडॅमहून आला. रंग ठरवायला त्याने आपला चित्रकार मित्र लिंडेमान आणला. चार वर्षं दोघांची पत्रं चालली होती; एकाने इमारतीबद्दल लिहायचं, दुसऱ्याने चित्रांबद्दल, आणि दोघांनी मिळून जग नवं करायचं. खाणावळीत जागा नव्हती म्हणून दोघं वीब्रेनकडेच उतरले. वाटाण्याच्या घट्ट सुपावर वाद रंगे आणि कपाटाच्या उघड्या दारातून आउक्ये ऐकत पडून राही.

"तू खोकी बांधतोस," चित्रकार म्हणे. "मी ती उघडतो. निळा या भिंतीवरून निघेल आणि कोपरा ओलांडून त्या भिंतीवर जाईल."

"आणि छप्पर कोण धरेल, तुझा निळा? दोन भिंती भेटतात तिथे घर उभं असतं. ते झाकणं म्हणजे खोटं बोलणं."

"चार वर्षं मी भिंतींना लिहीत होतो की काय?"

"सूप निवतंय, साहेब," वीब्रेन म्हणे.

गावाला यातलं एवढंच कळलं की रोग्यांच्या खोलीला गोठ्याचा रंग द्यायचा आहे. चर्चची घंटा वाजवणारा फोल्केर्त म्हणाला, "बरोबर आहे. आजाऱ्यावर माश्या फार." चित्रकाराला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. गोठ्यात गेला, निळ्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन आपल्या डबीतला निळा बाजूला ठेवत म्हणाला, "वीब्रेन, तुमचा चुन्यातला निळा कालवा. माझा नको."

एप्रिलमध्ये भांडण विकोपाला गेलं. दोघं वेगवेगळ्या बोटींनी निघून गेले आणि वीब्रेनकडे दोन पत्रं आली. वास्तुकाराचं: प्रत्येक भिंतीला एकच रंग, कोपऱ्याशी थांबा. चित्रकाराचं: कोपऱ्यापलीकडे दोन वीत न्या. गावच्या पंचांनी हात झटकले. त्यांना घर एक मेपर्यंत तयार हवं होतं.

वीब्रेनच्या हाताने निकाल आधीच दिला होता. चौथ्या खोलीत त्याने एक भिंत निळी केली, शेजारची राखाडी, आणि कोपऱ्यात रेघ अशी मारली की केसही शिरणार नाही. रविवारी आउक्येला घोंगडीत गुंडाळून बोटीतून नेलं, खाटेवर निजवलं.

तिने कोपऱ्यातली रेघ वरपासून खालपर्यंत पाहिली.

"काम सुरेख झालंय, हाइत," ती म्हणाली. तिकडे बापाला हाइत म्हणतात.

"पण?"

"पण काही नाही."

"अगं, बापाला फसवतेस? सांग."

"आपलं कपाटच आहे," ती म्हणाली. "जरा मोठं. दारं कधी लावायची तेवढं सांगा."

वीब्रेनने तिला घरी नेऊन पोहोचवलं आणि तसाच परत आला. निळा कालवला. कोपऱ्याशी हात थांबला. त्याने कुंचला खाली ठेवला, उचलला, पुन्हा थांबला. शेवटी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि ढकललं. दोन वीत. ती रेघ जराशी कापरी आली. आयुष्यातली त्याची तेवढी एकच रेघ वाकडी. ती त्याने तशीच ठेवली.

तपासणीला वास्तुकार आला तेव्हा आउक्ये खोलीत राहायला आली होती. त्याने कोपरा पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे कुणी सांगितलं? लिंडेमानने?"

"इथे जिला पडायचंय तिने," वीब्रेन म्हणाला.

"साहेब, मी खिडकीशी बसते," आउक्ये म्हणाली. "तुम्ही इथे आडवे व्हा. बूट काढा मात्र."

रोटरडॅमच्या साहेबाने बूट काढले. आडवा होऊन त्याने छत पाहिलं, मग मान वळवून कोपरा शोधला.

"मी ही खोली उभ्यानेच आखली होती," तो अखेर म्हणाला. मग वीब्रेनकडे कागद मागितला आणि तिथेच बसून मित्राला पत्र लिहिलं. त्यात काय होतं, ते गावाला कळलं नाही. पंधरवड्याने चित्रकार आला आणि उरलेल्या पाच खोल्यांचे कोपरे दोघांनी खाटांवर पडून ठरवले. वीब्रेन मध्ये उभा राहून दोघांना टोमणे मारत होता.

आउक्ये त्या खोलीत चौदा महिने जगली. सकाळी डोळे उघडले की कोपरा कुठे आहे ते पटकन सापडत नाही, आणि तेवढं बरं वाटतं, असं ती सांगायची. पुढच्या वर्षीच्या जुलैत, दुपारी, खिडकी उघडी असताना गेली.

रोगी गेला की खोलीला चुन्याचा हात द्यायचा, हा डॉक्टरांचा नियम. फोल्केर्त म्हणाला, "ही खोली दुसऱ्या कुणाला करू दे." वीब्रेन म्हणाला, "तिचं अंथरूण मीच घालत आलोय. भिंतही मीच रंगवीन." त्याने चारी भिंती पांढऱ्या केल्या, निळाही झाकला. चुना वाळेपर्यंत बाहेर कालव्याकाठी बसला. गुरुवारी शेजारच्या गावातला एक शिंपी त्या खोलीत येणार होता. वीब्रेन उठला, पांढऱ्यावर पुन्हा निळा दिला आणि कोपरा ओलांडला. या खेपेला मनगट धरावं लागलं नाही.

त्याच्या हयातीत ती खोली अकरा वेळा पांढरी झाली आणि अकरा वेळा निळी. अजूनही कोपऱ्यापासून दोन वीत पलीकडे बोट फिरवलं तर निळ्या चुन्याच्या थरांचा उंचवटा लागतो. जराशी वाकडी रेघ आहे. वीब्रेनने दर वेळी ती पहिल्या रेघेवरूनच नेली, सरळ केली नाही.