राक्षसाचं सुतक

सबनीस काका राक्षसाविषयी बोलू लागले की नवख्या माणसाला वाटे, यांचा एखादा पुतण्या वारला असावा. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बसथांब्यावर आमची पहिली भेट झाली, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधीच ते म्हणाले, "केवढं तरणं पोर हो ते. भांडायला निघालं, तेही पायी. त्याला पेलेल असा घोडाच नव्हता." मी सांत्वन करू लागलो, तेव्हा कळलं की पोर एका मध्ययुगीन जर्मन काव्यातलं आहे.

एक्स-रे यंत्रांच्या कामातून निवृत्त झाल्यावर काका विद्यापीठात जुन्या जर्मनच्या तासांना जाऊन बसत. तिथे भेटलेलं हे वीरकाव्य त्यांनी मराठी ओव्यांत आणलं होतं. गोष्ट साधी. एका वीराची कीर्ती ऐकून तरुण राक्षस त्याच्याशी लढायला येतो. वीर म्हणतो, तू माझं काही वाकडं केलेलं नाहीस, घरी जा. राक्षस त्याला भित्रा म्हणून डिवचतो. शेवटी वीर त्याला मारतो आणि त्याच्या शेजारी बसून रडतो. हे रडणं आपल्या माणसांनी एकदा तरी ऐकावं, एवढीच काकांची इच्छा होती.

तेवढंच जमत नव्हतं. गणेशोत्सवात इथलं मराठी मंडळ त्यांना मुलांचा नाच आणि जेवण यांच्या मधली वेळ देई. राक्षस पडला की टाळ्या होत आणि लगेच मसालेभाताची रांग लागे. रडायला वीर एकटाच उरे.

मंडळाच्या अध्यक्ष प्राजक्ता कुलकर्णी एकदा म्हणाल्या, "काका, आपल्याकडचा एखादा राक्षस घ्या ना. मुलांना रिलेट होईल."

"अगं, आपले राक्षस गावं खातात, म्हणून मारावे लागतात. यानं कुणाचा मोदकसुद्धा उचलला नव्हता."

"मग मारला कशाला?"

"तेच पुढे येतं. पुढे तुम्ही जेवायला जाता."

शेजारच्या हेर्त्सोगेनआउराख गावी मॅनेजर असलेल्या एका सभासदानं तोडगा सुचवला. "गेनाऊ, अगदी बरोबर, काका. रडणं आधी घ्या, लढाई शेवटी. एंडिंग पॉझिटिव्ह हवं."

"म्हणजे आधी सुतक, मग मयत," काका शांतपणे म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले आणि आजार बरा होणारा नव्हता. मी इस्पितळात त्यांच्याजवळ बसलो असताना प्राजक्ताताई मऊ भात घेऊन आल्या. "काका, तुम्ही फायटर आहात. याला हरवायचंच. अख्खं मंडळ तुमच्या पाठीशी आहे."

"मंडळ पाठीशीच असतं गं. पुढे मीच." भात बाजूला सारून ते म्हणाले, "मला कुणाशी लढायचं नाही, प्राजक्ता. दमलोय. तू जेवलीस ना?"

"हो."

"मग बस. ऐक."

ओव्या त्यांना पाठ होत्या, पण श्वास पुरत नव्हता. वीर राक्षसाचं डोकं मांडीवर घेतो आणि म्हणतो, आता लोक मला शूर म्हणतील, आणि मला तोंड लपवायला जागा राहणार नाही. एवढं सांगायला काकांना बराच वेळ लागला. प्राजक्ताताईंनी हातातला फोन केव्हा पर्समध्ये टाकला ते मला कळलंही नाही.

"मग पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे काय? घरी गेला. गावानं सत्कार केला. मंडळं तिथेही असणारच."

त्या आठवड्यातच काका गेले. मंडळाच्या ग्रुपवर संदेश येत राहिले. लढवय्या हरपला. झुंज अपयशी. मॅनेजरांनी वॉरियर असं लिहून सिंहाचं चित्र टाकलं. प्राजक्ताताईंचा संदेश सगळ्यांत शेवटी आला.

"काका सकाळी गेले. ते कुणाशी लढले नाहीत. मी त्यांच्याजवळ होते. मला फार रडू येतंय."