शंभर मोजल्याशिवाय नळी खाली नाही

फुसक्या बारांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. नेम लागला तर माणूस दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा कोणी ऐकत नाही. पण ऐन वेळी बंदूक उडाली नाही, तर गाव जन्मभर आठवण करून देतं! सौसरला सोनबा मिस्त्रीच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आम्ही दुपारी बसायचो, तिथे तर असल्या किश्शांचा ढीगच होता.

मी शाळामास्तर. पण रामाकोन्याला चार संत्र्याची झाडं आणि रानडुकरांसाठी वडिलांची भरमार बंदूक होती, म्हणून या कंपूत शिरकाव. भरमार म्हणजे तोंडातून भरायची बंदूक. आधी दारू, मग चिंधी, मग गोळी, सगळं गजाने ठासायचं आणि मागच्या निपलवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलच्या भोकातून दारूपर्यंत जाते. जाते म्हणजे, जायला पाहिजे!

मिस्त्रीचे नियम दोनच. भरण्याआधी रिकाम्या बंदुकीवर दोन टोप्या फोडायच्या, म्हणजे आतलं तेल जळतं. आणि बार उडाला नाही तर नळी आभाळाकडे धरून मोठ्याने शंभर मोजायचे. "आतमंदी इस्तू जागा असते बाप्पा. तुमाले दिसत नाही, त्याले तुमी दिसता!" असं तो म्हणायचा. इस्तू म्हणजे विस्तव.

राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशातच राहिलो आणि आमच्या फाइली भोपाळच्या वाटेला लागल्या. नवे साहेब आले. मिस्त्रीने दुरुस्त केलेल्या बंदुका उडत नाहीत, असा कोणीतरी अर्ज ठोकून दिला. साहेबांचं पत्र आलं: तपासणीला येतो, समाधान झालं नाही तर दुरुस्तीचं लायसन रद्द.

मिस्त्री कागद घेऊन थेट शाळेत आला. "गुरुजी, आज्याच्या काळापासूनचं दुकान हाय. तुमी समद्यांच्या सहीनं लिहून द्या का मिस्त्रीच्या बंदुका उडतेत."

संध्याकाळी आम्ही दुकानात जमलो. मी लिहिलं, 'आम्ही खाली सह्या करणारे असे कळवतो की,' आणि दाखल्यासाठी एखादा उडालेला बार आठवू लागलो. तिथेच घोडं अडलं.

*

पहिला दाखला रामाकोन्याच्या नामदेवकाकांनी दिला. स्वराज्याच्या दिवशी झेंड्याला सलामी द्यायचं ठरलं होतं. पाच भरमार ओळीत उभ्या. एवढा मोठा दिवस म्हणून पाचही जणांनी आदल्या दिवशी बंदुकांना तेल पाजलेलं. निपलमध्ये, नळीत, जिथे जाईल तिथे! दोन टोप्या फोडायचं भान कोणाला?

झेंडा वर गेला. हुकूम झाला.

टक्. टक्. टक्. टक्. टक्.

तेवढ्यात पाटील म्हणाले, "अहिंसेनं भेटलेलं स्वराज्य हाय, बंदुका कायले वाजतीन!"

हे लिहिता येत नव्हतं.

*

मग मिस्त्रीलाच काकांची बंदूक आठवली. ती अजिबात उडत नाही, अशी तक्रार घेऊन काका आले होते. मिस्त्रीने गज नळीत टाकला. आता गजावर खूण असते. नळी रिकामी असेल तर कुठवर जातो, भरलेली असेल तर कुठवर, ते त्यावरून कळतं. काकांचा गज अर्ध्या वाटेतच थांबला!

मिस्त्रीने नळीत पाणी ओतून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी स्क्रूने माल उपसायला बसला. चिंधी, गोळी, भिजली दारू. पुन्हा चिंधी, गोळी, दारू. पुन्हा चिंधी! बार गेला नाही की काका त्याच्यावरच नवा भरत गेले होते.

"काका," मिस्त्री म्हणाला, "डुक्कर मारून राहिले का सातपुडा फोडून राहिले?"

*

तिसरा किस्सा माझाच, तोही मिस्त्रीने चारचौघांत सांगितला. डुक्कर माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी घोडा ओढला. टक्. डुकराने माझ्याकडे पाहिलं आणि संत्र्याच्या वाफ्यातून सावकाश निघून गेलं.

मिस्त्रीने निपल खोललं, तार घातली, खाली फुंकर मारली. एक मोहरी तळहातावर पडली. आमच्या सौभाग्यवतींनी बंदूक कोरडी राहावी म्हणून मसाल्याच्या फळीवर ठेवली होती!

"गुरुजी, डुकराले फोडनी द्याची होती का?"

त्यानंतर वर्षभर पोरं मला वर्गात काही म्हणाली नाहीत, पण मोहरीचं नाव निघालं की खाली मान घालून हसायची.

*

मग पाळी सावरगावच्या बापूरावांची आली. त्यांचा किस्सा ताजा होता. राज्य बदललं आणि नागपूरहून टोप्या येणं थांबलं. कागद इकडून तिकडे फिरत होते. बापूराव डोकेबाज माणूस, त्यांनी जुन्या फुटक्या टोप्यांत काडीपेटीचा गुल भरला. रात्रभर कपाशीच्या वावरात बसले. पेटी संपली, एक बार नाही.

मिस्त्री त्यांना म्हणाला होता, "त्यापेक्षा डुकराले बिडी पेटवून दिली असती बापूराव, गुमान बसलं असतं!"

आम्ही पोट धरून हसलो. मिस्त्री हसला नाही. कागदावर माझी एकच ओळ होती. "हसा बाप्पा," तो म्हणाला, "मी आता लोखंड सोडून कशाले हात लावू, थे सांगा." मला माझ्या हसण्याची लाज वाटली. कागद तसाच राहिला.

*

साहेब आले. तरुण, कडक इस्त्रीचे, फाइल काखेत. गावाबाहेरच्या पडीक वावरात त्यांनी आमच्या बंदुकांतून एक उचलली. नेमकी माझी!

मिस्त्रीने नागपूरच्या टोप्यांची शेवटची डबी काढली. नियमाने दोन फोडल्या. फट्, फट्. मग भरलं, ठासलं, तिसरी टोपी बसवली, समोरच्या मडक्यावर नेम धरला आणि घोडा ओढला.

टोपी फुटली. फट्. पुढे काही नाही.

साहेबांनी फाइल उघडली. मिस्त्रीने नळी आभाळाकडे केली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खणखणीत निघाला. "एक... दोन... तीन..."

"ये क्या गिन रहे हो?"

"सौ होने दो, साहेब. पाच... सहा..."

आम्हीही मोजू लागलो. दुसरं काय करणार!

"मुझे और भी काम हैं. बंदूक नीचे करो."

"अकरा... बारा..."

साहेब चिडले. तरातरा पुढे आले आणि नळी खाली ओढायला हात लांब केला. मिस्त्री उभ्या जन्मात कोणा साहेबाला उलट बोलला नव्हता. त्याने कोपराने त्यांना ढकललं. "मांगं सरका! सोळा... सतरा..."

धडाम्!

वरची बाभळीची फांदी तुटून साहेबांच्या बुटांवर पडली. धूर विरला. मिस्त्रीची नळी अजून आभाळाकडेच होती, साहेबांचा हात हवेत तसाच होता.

मग साहेबांचा अगदी बारीक आवाज आला. "अठारह..."

"एकोणीस," आम्ही म्हणालो.

"बीस..."

शंभर झाल्यावरच त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लायसनवर सही करायला.