चिंध्यांच्या डब्यातला नट

खून करायचा मला आता कंटाळा आलाय. इतकी वर्षं दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहितोय. विष झालं, गळफास झाला, विहीर झाली. पूर्वी निदान एखादा माणूस दोन दिवस बेपत्ता ठेवता यायचा. आता सोसायटीच्या गेटवर कॅमेरा, खिशात मोबाइल. गुन्हेगार घराबाहेर पडला की सापडलाच. संपादकांना मात्र दुसऱ्या पानावर प्रेत लागतं, आणि तेही गणपतीच्या आत. पहिली शिफ्ट करून मोशीला घरी आलो की मी गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी वही घेऊन बसतो. कपडे वाळत घालता घालता बायको विचारते, आज कोणाला मारलं? पूर्वी मला हसू यायचं.

निघोज्याजवळच्या एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. प्रेसवर पत्र्याचे पार्ट निघतात, ते मी तपासतो. सगळा जन्म दुसऱ्याच्या चुका शोधण्यात गेल्यामुळे असेल, पण कथेतल्या तपशिलाचं मला भारी वेड. कुलूप कोणत्या बाजूला फिरतं, रक्ताचा डाग कशाने निघतो, हे खात्री केल्याशिवाय मी लिहीत नाही. वाचकाला फसवायचं, पण खोटं सांगून नाही, असं मी चारचौघांत ऐटीत म्हणायचो. आता म्हणत नाही.

आमच्या प्रेसवर परभणीकडचा एक ऑपरेटर होता. कॉन्ट्रॅक्टवरचा, थेरगावात एका खोलीत बायको आणि दोन मुलींबरोबर राहणारा. माझ्या कथा छापायला जाण्याआधी तो वाचायचा, आणि दर वेळी तिसऱ्या-चौथ्या पानावर खुनी ओळखायचा. चहाच्या सुट्टीत कागद परत देताना नुसतं नाव सांगायचा, वर गालातल्या गालात हसायचा. मला राग यायचा आणि तो आवडायचाही. त्या वर्षी तो पर्मनंट होणार होता. यादीत नाव गेलं होतं, दिवाळीनंतर पत्र मिळणार होतं. मोठीला चांगल्या शाळेत घालायचं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्याचं मशीन जुनं होतं. दोन बटणं दोन बाजूंना. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण तसं काम केलं तर शिफ्टला दिलेलं पार्टांचं टार्गेट पुरं होत नाही. म्हणून एका बटणाच्या कडेत नट अडकवून ते दाबलेलंच ठेवायचं, एका हाताने पार्ट सरकवायचे आणि दुसऱ्याने प्रेस चालवायची. ऑडिट आलं की नट काढायचा. हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं, आणि माझं काम पार्ट तपासायचं आहे असं मी स्वतःला सांगत आलो होतो. एकदा मी त्याला विचारलं, हे कशाला करतोस रे, हात जाईल. तो म्हणाला, "दोन्ही हात बटनावर ठिवले तर पार्ट काय पायानं लावायचे का भाऊ?" मग नट कुठे लपवतो तेही त्याने दाखवलं. हात पुसायच्या चिंध्यांचा डबा असतो, त्यात तळाशी, हिरव्या चिंधीत गुंडाळून.

त्या वर्षीची कथा मी त्यावर लिहिली. प्रेसखाली एक माणूस मरतो, सगळे अपघात म्हणतात, आणि बटणाच्या कडेचा उडालेला रंग पाहून तपास करणारा चिंध्यांच्या डब्यात हात घालतो. हिरवी चिंधीसुद्धा मी तशीच ठेवली. एवढी चांगली जागा मला माझ्या डोक्याने सुचली नसती. आणि या खेपेला मी कागद त्याला दाखवले नाहीत. यंदा छापील वाच, म्हटलं. एकदा तरी त्याला हरवायचं होतं मला.

अंक आला. मी पाच प्रती कंपनीत नेल्या, एक मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. कथा त्यांना फार आवडली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुपरवायझरला घेऊन मशीनच्या शेडमध्ये आले आणि एकेका प्रेसची बटणं बघत फिरले. माझ्या त्या ऑपरेटरच्या मशीनशी थांबले. रंग उडालेला होता. साहेबांनी वाकून चिंध्यांच्या डब्यात हात घातला.

मी पलीकडे पार्ट मोजायचं गेज हातात धरून उभा होतो. सुपरवायझर त्याच्यावर ओरडत होता, जीव नकोसा झालाय का म्हणून. रोज पार्ट कमी पडले की याच माणसाचा आवाज चढायचा. साहेबांनी मला नंतर बोलावून विचारलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं? मी म्हणालो, कल्पना केली. ते म्हणाले, कमाल आहे तुमची. मी तिथे खरं बोलायला हवं होतं, की हे सगळी लाइन करते आणि का करते. मला भीती वाटली. यादीतून त्याचं नाव गेलं आणि महिनाअखेरीला कॉन्ट्रॅक्टही संपवलं.

त्याच्या खोलीवर जायला मला आठ दिवस लागले. डांगे चौकातून मुलींसाठी फरसाण घेतलं, तेही हातात ओझं वाटत होतं. सामान बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गावी निघणार होते. त्याच्या बायकोने चहा दिला, माझ्याकडे न बघता. माझं चुकलं, मी म्हणालो. तुला आधी दाखवायला हवं होतं. त्याने बांधलेल्या सामानातली एक पिशवी सोडली. मग अंक काढून माझ्यापुढे ठेवला. वाचलेला होता.

"गोष्ट चांगली हाय भाऊ," तो म्हणाला. "पन समदी पानं चाळली म्या. टार्गेट देनारा मानूस हिच्यात कुठंच न्हाई."

मी मान खाली घातली. तो माणूस कथेत होता. पहिल्या खर्ड्यात चांगली चार पानं होती त्याची, आणि खरा गुन्हेगार तोच होता. कंपनीत अंक वाटायचे म्हणून ती पानं मीच फाडली होती. हे मी त्याला सांगितलं नाही. चहा पिऊन उठलो, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला कामावर गेलो.