पिवळी चिठ्ठी

गुप्तरोगाच्या दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. बावीस वर्षं तिनं तिथली फरशी पुसली, नंबर पुकारले, आणि कुणी बाप्या इंजेक्शन घेऊन मान खाली घालून निघाला की दारात त्याच्या हातात पिवळी चिठ्ठी कोंबली. बायकोलाही घेऊन ये, ती बजावायची; तू एकट्यानं औषध घेतलंस तर रोग तिच्याकडून परत तुझ्याकडेच येईल, आणि ती पोटुशी असली तर बाळाच्या जिवावर बेतेल. कुणी लाजलाच, तर मजा मारताना लाज कुठं ठेवली होतीस, असंही ऐकवायची.

एका दुपारी मुलाचा सदरा भिजवताना खिशातून तसलीच चिठ्ठी निघाली. शिक्का लांबच्या दवाखान्याचा. आईच्या दारात कसा जाईल तो? पलीकडे सून शेंगा सोलत बसली होती. तिला पाचवा महिना होता.

हाक मारायला मावशीनं तोंड उघडलं. पण व्याही डोळ्यांपुढे आले, शेजारीण आली, दवाखान्यातली माणसं आली. तिनं चिठ्ठीचा लगदा केला आणि मोरीत सोडला. मुलाला संध्याकाळी एवढंच विचारलं, इंजेक्शन घेतलंस ना? तो हो म्हणाला. विषय मिटला.

सुनेनं रक्त तपासून घ्यायचं काढलं, तेव्हा मावशी म्हणाली, आम्ही काय तपासून बाळंत झालो? दवाखान्यातली बाई, तिला कळतंच, म्हणून सून निर्धास्त राहिली. मावशी देवापुढे मात्र जास्त वेळ बसू लागली. एका इंजेक्शननं झालं असतं ते देवाकडे मागत होती.

आठव्या महिन्यात मेलेला मुलगा जन्मला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून रोगाचं नाव सांगितलं. नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, हे हिनंच कुठूनतरी आणलं. सून सासूकडे वळली.

"आई, मी कुठं गेले नाही हो. तुम्ही सांगा ना यांना."

"मला काय ठाऊक, बाई? तुझं तुला माहीत."

आठवड्यानं भाऊ येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती सासूच्या पाया पडली.

मावशी पुन्हा कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी एक तरुण इंजेक्शन घेऊन निघाला. सवयीनं तिनं चिठ्ठी पुढं केली, पण लगेच सोडली नाही.

"घरी आई आहे का?"

"आहे."

"मग खिशात ठेवू नकोस. बायकोच्या हातातच दे."